रक्ताने, खंडणीने, कराराने : जेरुसलेमची धर्मयुद्धे

१ मे १२२९ ची सकाळ. भूमध्य समुद्राकाठचे अक्का बंदर. जर्मनी आणि सिसिलीचा राजा, सम्राट दुसरा फ्रेडरिक, परतीचे जहाज गाठायला निघाला आहे. वाट खाटकांच्या आळीतून जाते. आळीतले लोक, सगळे ख्रिस्तीच, दुकानांतली आतडी आणि मांसाचे तुकडे उचलून त्याच्या अंगावर फेकू लागतात. या माणसाने अडीच महिन्यांपूर्वी काय केले होते? बेचाळीस वर्षांपूर्वी हातचे गेलेले जेरुसलेम ख्रिस्त्यांना परत मिळवून दिले होते, एकही लढाई न करता.

शाळेत ‘टीपा लिहा : धर्मयुद्धे’ असा प्रश्न यायचा आणि आपण चार ओळी लिहून मोकळे व्हायचो. ख्रिस्ती आणि मुसलमान दोनशे वर्षे लढले, हे त्या चार ओळींचे सार. ते खोटे नाही. पण त्याने अक्काची ही सकाळ उलगडत नाही. ती उलगडायची तर जेरुसलेम तीन वेळा कसे घेतले गेले ते ओळीने पाहावे लागते: १०९९, ११८७ आणि १२२९. बाकीचे राजे, वेढे, मोहिमा मी या तीन खुंट्यांनाच अडकवणार आहे. काही सुटतील, त्याला इलाज नाही.

आधी नावाचे बोलू. पहिल्या मोहिमेला निघालेल्या लोकांना ‘क्रुसेड’ हा शब्द माहीत नव्हता. ते स्वतःला यात्रेकरू म्हणवत. खांद्यावर कापडाचा क्रूस शिवून घेत, त्यावरून नाव पडले ते पुष्कळ नंतर. अरबांच्या लेखी हे सारे ‘फ्रंज’, म्हणजे फ्रँक लोक. ‘क्रुसाची युद्धे’ असा शब्द अरबीत रुळला तो थेट एकोणिसाव्या शतकात. त्या ‘फ्रंज’चे फारसीत ‘फरंगी’ झाले आणि आपल्याकडे ‘फिरंगी’. युरोपी पात्याच्या सरळ तलवारीला मराठीत फिरंग म्हणतात, तीही त्याच घराण्यातली. कोकण-गोव्यात हा शब्द पोर्तुगीजांना चिकटला, आणि तो नात्यानेही बरोबर बसला. धर्मयुद्धांत जन्मलेला टेम्प्लर हा लढवय्या साधूंचा संघ १३१२ मध्ये बरखास्त झाला, तेव्हा पोर्तुगालमधली त्याची मालमत्ता ‘ख्रिस्त संघ’ नावाच्या नव्या संघाकडे गेली. १४९८ मध्ये कालिकतला उतरलेल्या वास्को द गामाच्या निशाणावर याच संघाचा क्रूस होता.

आता १०९५ कडे. कॉन्स्टँटिनोपलमधून राज्य करणारे बायझंटाईन सम्राट ख्रिस्तीच, पण रोमच्या पोपला न मानणारे. १०७१ मध्ये मांझिकर्टला सेल्जुक तुर्कांनी त्यांचा दणदणीत पराभव केला आणि आजच्या तुर्कस्तानचा बराचसा भाग त्यांच्या हातून गेला. सम्राट अलेक्सियसने पश्चिमेकडे मदत मागितली. त्याला हवे होते पगारी लढवय्ये. पोप दुसरा अर्बन याने २७ नोव्हेंबर १०९५ रोजी फ्रान्समध्ये क्लेर्माँ इथे भाषण केले आणि त्या मागणीचे रूपच बदलून टाकले: जेरुसलेम सोडवायला चला. त्या भाषणाचे शब्द नेमके कोणते होते हे सांगता येत नाही, कारण आज हाती असलेली वृत्ते नंतर लिहिलेली आहेत आणि ती एकमेकांशी जुळत नाहीत. पण मुख्य आश्वासन स्पष्ट आहे. जो निव्वळ भक्तीने या वाटेला लागेल, त्याची ही वाटचाल त्याच्या पापांचे प्रायश्चित्त धरली जाईल.

हे आश्वासन किती मोठे होते ते आज चटकन ध्यानात येत नाही. तोवर शस्त्र हेच सरदाराच्या पापाचे मूळ होते. १०६६ मध्ये हेस्टिंग्जची लढाई जिंकलेल्या नॉर्मन सैनिकांना, लढाई पोपच्या बाजूची मानली गेली असूनही, मारलेल्या प्रत्येक माणसामागे एक वर्षाचे प्रायश्चित्त सांगितले गेले होते. अर्बनने शस्त्रालाच प्रायश्चित्त करून टाकले. ज्या हातांनी पाप केले त्याच हातांनी, तेच काम करून ते फेडायचे. माझ्या मते या दोनशे वर्षांची किल्ली इथे आहे. जमिनीच्या लोभाने धाकटे मुलगे निघाले, असे पूर्वी सर्रास सांगितले जायचे. काहींच्या बाबतीत ते खरेही असेल. पण ही यात्रा परवडणारी नव्हती. नॉर्मंडीच्या रॉबर्टने वाटखर्चासाठी आपला अख्खा प्रांत दहा हजार मार्कांना भावाकडे गहाण टाकला. मिळवायला निघालेला माणूस सहसा घर गहाण टाकत नाही.

या श्रद्धेचे पहिले बळी मुसलमान नव्हते. १०९६ च्या वसंतात ऱ्हाईन नदीकाठच्या वर्म्स आणि माइंत्स शहरांत या टोळ्यांनी ज्यूंची कत्तल केली. देवाचे शत्रू मारायला इतक्या दूर कशाला जायचे, घरातच आहेत की, असा विचार. स्पायरच्या बिशपने आपल्या शहरातल्या बहुतेक ज्यूंना वाचवले, माइंत्समध्ये बिशपचा वाडाही कामी आला नाही. बाप्तिस्मा घेण्यापेक्षा अनेक ज्यू आईबापांनी आपल्या मुलांना आपल्याच हाताने मारले. धर्मयुद्धाची कुठलीही गोष्ट ऱ्हाईनकाठी न थांबता पुढे जात असेल तर ती अर्धवट आहे असे मी मानतो.

मुख्य फौजा १०९७ मध्ये आशियात उतरल्या. परक्या मुलखात, उपाशी, निम्म्याहून जास्त माणसे वाटेत गमावून त्या जेरुसलेमपर्यंत पोहोचल्याच कशा? याचे उत्तर देणारा नेमका शब्द मराठीत आहे: भाऊबंदकी. बगदादचा खलिफा सुन्नी, कैरोचा फातिमी खलिफा शिया, आणि सुन्नी खलिफाच्या नावाने खरी सत्ता चालवणारे सेल्जुक तुर्क. १०९२ मध्ये सेल्जुकांचा वझीर निजाम-उल-मुल्क आणि सुलतान मलिकशाह एकापाठोपाठ एक गेले आणि राज्याचे तुकडे पडले. अलेप्पोचा रिदवान आणि दमास्कसचा दुकाक हे भाऊ एकमेकांचे वैरी. फ्रँकांनी अँटिओकला वेढा घातला तेव्हा ते सोडवायला दोघे वेगवेगळे आले आणि वेगवेगळे मागे फिरले. कैरोच्या फातिमींनी तर फ्रँकांच्या छावणीत वकील पाठवून तुर्कांविरुद्ध हातमिळवणी जमते का ते पाहिले, आणि १०९८ मध्ये तुर्कांची पाठ फिरलेली पाहून जेरुसलेम स्वतःच घेऊन टाकले. म्हणजे ज्यांच्याकडून जेरुसलेम सोडवायला ही माणसे निघाली होती, ते तिथून केव्हाच गेले होते.

जून १०९९ मध्ये जेमतेम बारा हजार लढते लोक तटाबाहेर येऊन पोहोचले. उन्हाळा, आसपासच्या विहिरी बुजवलेल्या, मनोरे बांधायला लाकूड नाही. जाफा बंदरात जिनोआची जहाजे लागली होती, ती मोडून त्यांचे लाकूड आणले गेले. ८ जुलैला सगळी फौज अनवाणी, पुढे धर्मगुरू, अशी शहराभोवती प्रदक्षिणेला निघाली आणि तटावरचे पहारेकरी वरून त्यांची टर उडवत होते. आठवड्याने, १५ जुलैला, शहर पडले.

मग जे झाले ते ख्रिस्ती वृत्तकारांनीच, लाज न वाटता, देवाचा प्रसाद म्हणून लिहून ठेवले आहे. रस्त्यांत, घरांत, अल-अक्सा मशिदीच्या आवारात माणसे कापली गेली. बायका-मुले सुटली नाहीत. सत्तर हजार हा नंतरच्या मुसलमान वृत्तांतला आकडा इतिहासकार फुगवलेला मानतात, शहराची वस्तीच तेवढी नव्हती. पण काही हजार हाही थोडा आकडा नव्हे. कत्तल आटोपून हेच लोक हात धुऊन येशूच्या कबरीपाशी गेले आणि आनंदाने रडले. दोन्ही गोष्टी एकाच दिवशी, एकाच माणसांनी केल्या. ते ढोंग नव्हते, आणि म्हणूनच ते वाचताना पोटात खड्डा पडतो.

काही वाचले. कैरोच्या एका जुन्या सिनेगॉगच्या कोठीत शेकडो वर्षांचे कागद साठून राहिले होते. त्यात अस्कलॉनच्या ज्यू वडीलधाऱ्यांचे पुढच्याच वर्षीचे एक पत्र सापडले. जेरुसलेमात पकडलेले आपले लोक आणि लुटली गेलेली धर्मग्रंथांची पुस्तके फ्रँकांकडून पैसे देऊन सोडवली, आता कर्ज झाले आहे, अजून माणसे सोडवायची आहेत, मदत पाठवा. सगळा हिशेब. जगाच्या उलथापालथीत कोणीतरी बसून माणसांच्या आणि पुस्तकांच्या सुटकेचा जमाखर्च मांडत होते.

जिंकल्यावर बहुतेक लोक घरी परतले, उरले त्यांनी चार राज्ये थाटली. आणि राहायचे ठरले की शेजार आलाच. शैझरचा सरदार उसामा इब्न मुन्किद याच्या आठवणी यासाठी वाचाव्यात. तो जन्मला १०९५ मध्ये, म्हणजे क्लेर्माँच्या भाषणाच्याच वर्षी, आणि तब्बल नव्वदी पार करून गेला. तो जेरुसलेमला गेला की अल-अक्साशेजारची एक लहान मशीद, जी आता चर्च झाली होती, त्याचे मित्र असलेले टेम्प्लर त्याला नमाजासाठी मोकळी करून देत. एकदा तो दक्षिणेला, मक्केकडे, तोंड करून उभा असताना एका फ्रँकाने येऊन त्याला धरले, त्याचे तोंड पूर्वेकडे वळवले आणि म्हणाला, अशी प्रार्थना कर. टेम्प्लरांनी त्या माणसाला बाहेर काढले. त्यांचे लक्ष चुकवून तो परत आला आणि पुन्हा तेच केले. शेवटी टेम्प्लरांनी उसामाची माफी मागितली: हा नुकताच आपल्या देशातून आला आहे, पूर्वेखेरीज दुसरीकडे तोंड करून प्रार्थना करणारा माणूस त्याने पाहिलेला नाही.

उसामा काही फ्रँकांचा भक्त नव्हता, त्यांचे नाव काढताना शिव्याशापही देतो. पण नवा आलेला फ्रँक आणि मुरलेला फ्रँक यांतला फरक त्याने बरोबर टिपला. ११८४ मध्ये याच भागातून गेलेला स्पेनचा मुसलमान प्रवासी इब्न जुबैर तर चक्रावूनच जातो. इकडे फौजा लढत आहेत आणि दमास्कस ते अक्का व्यापाऱ्यांचे तांडे बिनघोर ये-जा करत आहेत. फ्रँकांच्या अमलाखालचे मुसलमान शेतकरी अर्धे पीक आणि माणशी एक दिनार पाच किरात कर देतात, बाकी कोणी त्यांच्या वाट्याला जात नाही. पलीकडच्या मुसलमान जमीनदारांची कुळे याहून हालात आहेत, हे लिहिताना त्याला मनापासून वाईट वाटते. गोडीगुलाबीचे चित्र मी रंगवत नाही. हे जिंकणाऱ्यांचे राज्य होते आणि जेरुसलेम शहरात मुसलमान-ज्यूंना वस्तीला मनाई होती. पण नांगर, बाजार आणि शेजार यांचाही इतिहास असतो.

सलादिन हा जन्माने कुर्द, तिक्रितचा. ११६९ मध्ये इजिप्तचा वझीर झाला, दोन वर्षांत त्याने फातिमी खिलाफत संपवली, आणि पुढची बरीचशी वर्षे दमास्कस, अलेप्पो, मोसुल अशा मुसलमान सत्तांशीच लढण्यात घालवली. भाऊबंदकी मिटवल्याशिवाय जेरुसलेम मिळणार नाही, हे त्याला उमगले होते. दरम्यान भाऊबंदकी पलीकडे गेली होती. कुष्ठरोगाने झिजत राज्य करणारा जेरुसलेमचा तरुण राजा चौथा बाल्डविन ११८५ मध्ये गेला आणि फ्रँकांत दोन तट पडले. शातियाँचा रेनाल्ड या सरदाराने तह चालू असताना मुसलमानांचा तांडा लुटला, सलादिनला कारण मिळाले.

४ जुलै ११८७, हत्तीनच्या टेकड्या. भर उन्हाळ्यात, पाण्याविना, चिलखतात चालून आलेली फ्रँक फौज. सलादिनच्या माणसांनी वाळलेले गवत पेटवून दिले. समोर खाली तिबेरियसचे सरोवर दिसते आहे आणि घशाखाली थेंब नाही. संध्याकाळी राजा गी सलादिनच्या तंबूत कैदी म्हणून उभा होता. सलादिनने त्याला बर्फाचे थंड पाणी दिले. राजाने उरलेला पेला रेनाल्डच्या हातात दिला, तेव्हा सलादिनने स्पष्ट सांगितले की त्याला पाणी मी दिलेले नाही. पाहुणचार केलेल्या कैद्याला मारायचे नाही असा रिवाज होता. रेनाल्डला तिथेच मारले गेले. पकडलेल्या टेम्प्लरांनाही दोन दिवसांनी ठार केले. दयाळू सलादिन तेवढा सांगून हे वगळले तर त्याच्यावरही अन्याय होतो.

जेरुसलेममध्ये आता लढणारे फारसे उरले नव्हते. इबेलिनचा बॅलियन हा सरदार सलादिनचीच परवानगी काढून बायको-मुलांना न्यायला शहरात आला होता, एक रात्र राहून परतेन अशी शपथ घेऊन. लोकांनी त्याला सोडले नाही. त्याने सलादिनला कळवले, शपथेतून मोकळे करा, आणि सलादिनने केले. वेढा पडला. १०९९ ची परतफेड करायची, हे सलादिनच्या मनात होते. बॅलियन बाहेर येऊन म्हणाला, अभय दिले नाही तर आम्ही घुमटाची मशीद पाडू, आतले हजारो मुसलमान कैदी मारू, स्वतःच्या बायका-मुलांना मारू आणि मग लढायला बाहेर येऊ. घासाघीस झाली आणि दर ठरला: पुरुषाला दहा दिनार, बाईला पाच, मुलाला एक. मुदत चाळीस दिवस. सात हजार गरिबांसाठी तीस हजारांची एकठोक रक्कम.

२ ऑक्टोबर ११८७ ला सलादिन शहरात आला आणि कत्तल झाली नाही. ज्यांना पैसे भरता आले ते गेले. चर्चचा प्रमुख हेराक्लियस आपले दहा दिनार भरून, सोन्या-चांदीच्या गाड्या घेऊन बाहेर पडला, त्याच वाटेने खंडणी नसलेले गरीब गुलामीत निघाले होते. सलादिनच्या भावाने, अल-आदिलने, बक्षीस म्हणून एक हजार गुलाम मागून घेतले आणि जागीच सोडून दिले. तरी सुमारे पंधरा हजार गुलामीत गेले, असा आकडा सलादिनच्याच चिटणीसाने दिला आहे.

पुढचे झपाट्याने सांगतो. तिसऱ्या मोहिमेत इंग्लंडचा रिचर्ड आला, ११९१ मध्ये अक्का घेतले, बोलणी लांबली म्हणून सुमारे सत्तावीसशे मुसलमान कैदी उघड्यावर मारले, जेरुसलेमच्या जवळ जाऊन दोनदा मागे फिरला आणि तह करून परतला. चौथी मोहीम जेरुसलेमकडे गेलीच नाही. व्हेनिसशी ८५,००० मार्कांचा जहाजांचा करार झाला होता तो साडेतेहतीस हजार माणसांसाठी, आली त्याच्या जेमतेम तिसरा हिस्सा. कर्ज फेडायला त्यांनी आधी झारा हे ख्रिस्ती शहर लुटले आणि मग, एका परागंदा बायझंटाईन राजपुत्राच्या पैशाच्या वचनावर, कॉन्स्टँटिनोपल गाठले. वचन फोल ठरले. एप्रिल १२०४ मध्ये ज्या शहराने पहिल्यांदा मदत मागितली होती, तेच तीन दिवस लुटले गेले, क्रूस लावलेल्या माणसांकडून. तिथून नेलेले ब्राँझचे चार घोडे अजून व्हेनिसमध्ये आहेत.

आता पुन्हा फ्रेडरिक. तो वाढला सिसिलीत, जिथे दरबारात अरबी चालत होती. त्याच्या फौजेत मुसलमान तिरंदाज होते. मोहिमेला निघायला उशीर केला म्हणून १२२७ मध्ये पोपने त्याला बहिष्कृत केले, तो तसाच निघाला. समोर सलादिनचा पुतण्या सुलतान अल-कामिल. त्याची स्वतःच्या भावाशी आणि भाऊ गेल्यावर पुतण्याशी दमास्कसवरून जुंपलेली. दोघांनाही लढाई नको होती. वकील महिनोन्‌महिने ये-जा करत राहिले आणि १८ फेब्रुवारी १२२९ रोजी दहा वर्षांचा करार झाला: जेरुसलेम, बेथलेहेम, नाझरेथ ख्रिस्त्यांकडे, अल-अक्सा आणि घुमटाची मशीद मुसलमानांकडे. दहा वर्षांपूर्वी अल-कामिलच्या भावानेच शहराचा तट पाडून ठेवला होता.

फ्रेडरिक शहरात एक-दोन रात्री राहिला. नाबलुसच्या काझीने, पाहुण्याचा मान म्हणून, अजान देऊ नका असे सांगितले होते. सकाळी फ्रेडरिकने विचारले, काल अजान का झाली नाही? कारण कळल्यावर म्हणाला, चुकलात, मी रात्र इथे काढली ती ती ऐकायलाच. ही हकीकत मुसलमान वृत्तकाराने लिहून ठेवली आहे.

दोन्हीकडे संताप उसळला. दमास्कसच्या मशिदीत सिब्त इब्न अल-जौझीने असे प्रवचन दिले की लोक हमसून रडले, आणि ते द्यायला त्याला अल-कामिलशी भांडणाऱ्या पुतण्यानेच सांगितले होते. जेरुसलेमच्या ख्रिस्ती धर्मप्रमुखाने तर स्वतःच्याच परत मिळालेल्या पवित्र शहरात उपासना बंद ठेवण्याचा हुकूम काढला, कारण बहिष्कृत राजा तिथे आला होता. रागाची स्थानिक कारणे खरी होती: तट नाही, टेम्प्लरांचे जुने ठाणे मुसलमानांकडेच राहिले, आणि फ्रेडरिक तिथल्या सरदारांशी दांडगाईने वागला होता. पण मुळाशी १०९५ चे आश्वासन होते. लढणे हेच प्रायश्चित्त असेल, तर न लढता मिळालेल्या शहराने कोणाचे पाप धुतले जाणार? खाटीक आळीतल्या माणसांना जेरुसलेम हवे होते, पण ते या वाटेने नको होते.

दहा वर्षांची मुदत संपल्यावरही, मध्ये एकदा हातचे जाऊन, शहर कसेबसे ख्रिस्त्यांकडे राहिले. १२४४ मध्ये ख्वारज्मी घोडेस्वारांनी जेरुसलेम घेतले. चंगीझखानाच्या धाकाने सिंधू पार करून पळालेल्या जलालुद्दीनच्या फौजेचे हे उरलेसुरले लोक. त्यानंतर ते शहर १९१७ पर्यंत मुसलमान सत्तांकडेच राहिले. फ्रान्सचा नववा लुई इजिप्तवर चालून गेला आणि १२५० मध्ये स्वतःच कैद झाला, मोठी खंडणी भरून सुटला. इजिप्तमध्ये ममलूक, म्हणजे गुलाम सैनिकांतून वर आलेले सुलतान, सत्तेवर आले, त्यांनी किनाऱ्यावरची ठाणी एकेक करून घेतली. १८ मे १२९१ ला अक्का पडले, कत्तल झाली, खाटीक आळीही गेली. तिथल्या एका चर्चची संगमरवरी, टोकदार कमानीची चौकट ममलूकांनी उचलून कैरोला नेली आणि सुलतान अन-नासिर मुहम्मदच्या मदरशाला दरवाजा म्हणून बसवली. ती अजून तिथे आहे, माणसे तिच्यातून आत-बाहेर करतात.